व्हॉयेजरवरची राणी वेगळी आणि क्रिस्टिना ड्यूटेकॉम वेगळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीवरचं संगीत भरून पाठवलेल्या सोनेरी तबकडीबद्दल लेख आला होता. मी तो दोनदा वाचला कारण त्यात आपल्या केसरबाई केरकरांचं नाव होतं आणि ते कुठेही दिसलं की मी थांबतेच. लेख छान होता, मुलांना कळेल असा होता. पण त्यात एक चूक झालीय. तबकडीवर मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं जे गाणं आहे ते डच गायिका क्रिस्टिना ड्यूटेकॉम यांनी गायलंय असं छापलंय, शेजारी त्यांचा मुकुटातला फोटोसुद्धा दिलाय. तसं नाहीये. ते गाणं एडा मोझर या जर्मन गायिकेचं आहे, म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्राबरोबर, वोल्फगांग झावालिश यांच्या संचालनाखाली रेकॉर्ड झालेलं.

चूक छोटी आहे असं कुणी म्हणेल, दोघी गोऱ्या बायका, दोघी तेच गाणं गायच्या, काय फरक पडतो. मला पडतो. उद्या कुणी परदेशी पेपरानं तबकडीवरच्या केसरबाईंच्या ‘जात कहां हो’ खाली मोगूबाईंचं नाव टाकलं तर आपण गप्प बसू का? आणि दुसरं म्हणजे एकाच चौकटीत दोघींवर अन्याय झालाय. मोझरबाईंचं गाणं त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि ड्यूटेकॉमबाईंना आयुष्यभर ज्या एका गाण्यात लोकांनी कोंडलं त्याच गाण्यात परत एकदा कोंडलं. मी या बाईंचं गाणं गेली बरीच वर्षं ऐकतेय म्हणून हे पत्र थोडं मोठं होणार आहे, जागा असेल तर सगळं छापा.

ही गल्लत कशी होते ते मला माहितीये. इंटरनेटवर ‘क्वीन ऑफ द नाइट’ टाकलं की ड्यूटेकॉमबाईंची जुनी क्लिप हमखास येते. माझ्या भाच्यानं मला ती पहिल्यांदा दाखवली ती हसायला म्हणून, घरात सगळे मोबाइलवर वाकून बघत होते आणि बाईंचा जबडा कसा हलतो, भुवया कशा उडतात यावर खिदळत होते. मी सत्तावीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, गाताना चेहरा कुणाचा नीट राहतो? आमच्या कितीतरी मोठ्या गवयांचे फोटो तान घेताना काढले तर तसेच येतील. मी भाच्याला म्हणलं आता स्क्रीन उलटी ठेव आणि नुसतं ऐक. मग कुणी हसलं नाही.

तर या बाई कोण होत्या. जन्म 28 ऑगस्ट 1931, ॲमस्टरडॅम. पाळण्यातलं नाव स्टीन्चे एंगल. स्टीन हे क्रिस्टिनाचं घरगुती रूप, आणि पुढचं ‘चे’ हे डच लोक लाडानं लावतात ते शेपूट, म्हणजे आपल्याकडे सुमनची सुमी होते ना तसं. एंगल म्हणजे देवदूत. ड्यूटेकॉम हे लग्नानंतरचं आडनाव. हॉलंडवर जर्मनांचा ताबा होता ती पाच वर्षं त्यांच्या शाळेच्या वयातली, आणि 1944-45 चा तो हिवाळा, ज्याला डच लोक अजून भुकेचा हिवाळा म्हणतात, जेव्हा ॲमस्टरडॅमच्या लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. गाणं शिकल्या ॲमस्टरडॅमच्याच कॉन्झर्व्हेटरीत, योहान थॉमस हे त्यांचे गुरुजी.

आणि मग वर्षानुवर्षं काय केलं? कोरस. डच ऑपेराच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं राहून गायचं, कधी चार ओळींची छोटी भूमिका. ज्यांनी संगीत नाटकात किंवा सुगम संगीताच्या कार्यक्रमात कोरस केलाय त्यांना कळेल हे काय असतं ते, सगळं पाठ असतं, मुख्य गायिकेची प्रत्येक जागा कुठे चुकते तेसुद्धा कळत असतं पण तोंड उघडायचं ते सगळ्यांबरोबरच. हॉलंड म्हणजे काही इटली नाही हो, तिथे चर्चचं संगीत आणि कॉन्सर्ट याचा मान मोठा, ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाऊ हे सभागृह 1888 पासून जगभर नावाजलेलं, पण ऑपेराला शहरात स्वतःचं घरसुद्धा नव्हतं, लाइडसेप्लेन चौकातल्या नगर नाट्यगृहात प्रयोग व्हायचे. त्यांच्या आधीच्या पिढीत ग्रे ब्राउवेनस्टाइन नावाच्या एक डच सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, जगभर गाजल्या होत्या, लंडनमध्ये 1958 साली व्हिस्कोंटी या इटालियन दिग्दर्शकानं बसवलेल्या ‘डॉन कार्लोस’मध्ये त्या होत्या. म्हणजे वाट अगदीच नव्हती असं नाही. पण कोरसमधून उठून त्या वाटेला लागणं ही वेगळी गोष्ट.

1963 मध्ये डच ऑपेरानं त्यांना रात्रीची राणी दिली. वय एकतीस-बत्तीस. लक्षात घ्या, हलक्या आवाजाच्या मुली ही भूमिका विशीत धरतात आणि पस्तिशीच्या आसपास सोडून देतात कारण वरचे सूर लागेनासे होतात. या बाईंनी त्या वयात सुरू केली.

आता त्या गाण्यात एवढं काय आहे ते जरा आपल्या भाषेत सांगते, कारण लेखात नुसतं ‘अत्यंत उंच पट्टीतलं’ एवढंच लिहिलंय. समजा एखाद्या बाईंनी काळी पाचचा सा धरलाय. मध्य सप्तक संपलं, तार सप्तक सुरू झालं, आपल्या बहुतेक गायिका तार गंधार-मध्यम-पंचमापर्यंत जातात आणि तिथे टाळ्या पडतात. या गाण्यात ते अख्खं तार सप्तक पार करून त्याच्या वरच्या अतितार सप्तकातल्या पंचमाला जायचंय. एकदा नाही, चार वेळा. मी नातवाच्या कॅसिओवर बोट ठेवून बघितलं, पट्ट्या जवळजवळ संपत येतात तिथे. आणि नुसतं पोचून भागत नाही, तो सूर एका तुटक तुटक सुरांच्या ओळीत येतो, सुईनं टाके घातल्यासारखा, प्रत्येक टाका वेगळा. हे सगळं चालू असताना नाटकात काय चाललंय, तर आई मुलीच्या हातात खंजीर देतेय, माझ्या शत्रूला, सारास्त्रोला, मार नाहीतर तू माझी मुलगी नाहीस म्हणतेय. म्हणजे संताप पण दाखवायचाय. मोझार्टनं हे आपल्या मेहुणीसाठी लिहिलं, योझेफा होफर, बायकोची थोरली बहीण. पहिला प्रयोग व्हिएन्नात 30 सप्टेंबर 1791 ला झाला आणि त्यानंतर सव्वादोन महिन्यांत मोझार्ट गेला.

आता ड्यूटेकॉमबाईंच्या गळ्याबद्दल. 1969 मध्ये संचालक गेऑर्ग शोल्टी यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक घेऊन अख्खी ‘मॅजिक फ्लूट’ रेकॉर्ड केली, पामिना पिलार लोरेंगार, टामिनो स्टुअर्ट बरोज, पापागेनो हेरमान प्राय, सारास्त्रो मार्टी टाल्वेला, आणि रात्रीची राणी या बाई. या रेकॉर्डवर आजही भांडणं होतात आणि ती बहुतेक राणीवरून होतात. तक्रार अशी की त्या सुरांच्या ओळी सलग न घेता प्रत्येक सुराला गळ्यातून छोटासा धक्का देतात, काहींनी तर त्याला आल्प्सच्या डोंगरातल्या योडलिंगची उपमा दिली. तिथल्या शिस्तीप्रमाणे सूर मण्यांसारखे असले तरी दोरा दिसला पाहिजे, यांचे मणी सुटे.

मी जेव्हा ही टीका वाचली तेव्हा मला नवलच वाटलं. कारण ज्याला ते दोष म्हणतायत त्याला आपल्याकडे दाद मिळते! दाणेदार तान म्हणतो आपण, एकेक दाणा वेगळा मोजता आला पाहिजे, सूर एकमेकांत लोळता कामा नयेत, हे आमच्या गुरुजींनी पट्टी आपटून आपटून शिकवलं. मी काही ऑपेराची पंडिता नाही आणि तिकडचे नियम तिकडच्यांना माहीत, पण माझ्या कानाला बाईंची ती ओळ म्हणजे अगदी स्वच्छ दाणेदार तान वाटते, आणि तिच्यात जो राग आहे तो सुरांना तेल लावून गुळगुळीत केलं असतं तर राहिला नसता. रागावलेलं माणूस तोडूनच बोलतं. त्याच गाण्याचं मोझरबाईंचं रेकॉर्डिंग लखलखीत आहे, तलवारीच्या पात्यासारखं, व्हॉयेजरवर जायला योग्यच आहे. मी एकीला खाली ओढून दुसरीला वर नेत नाहीये. दोन्ही ऐका, मग कळेल की एकीच्या जागी दुसरीचं नाव टाकणं किती चुकीचं आहे.

इथे एक गोष्ट सांगायची आहे जी मी आजवर कुठे बोलले नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आवाज मोठा, जरा जाड, ताना घशातून तोडून घ्यायची. आंतरशालेय स्पर्धेच्या समूहगीतात तिचा आवाज बाकीच्यात मिसळेना म्हणून मी तिला मागच्या ओळीत उभं केलं आणि हळू गा म्हणून सांगितलं. बक्षीस मिळालं आम्हाला. ती मुलगी पुढच्या वर्षी गाण्याच्या तासाला आलीच नाही, तिनं चित्रकला घेतली. ड्यूटेकॉमबाई इतकी वर्षं कोरसमध्ये होत्या हे वाचलं त्या दिवशी मला ती मुलगी आठवली, तिचा चेहरा, वेणीला लाल रिबीन, आणि मी रात्री बराच वेळ जागी होते. ॲमस्टरडॅममध्ये कुणीतरी मागच्या रांगेतला तो आवाज ऐकला आणि पुढे बोलावलं. मी नाही बोलावलं.

असो. राणीनंतर दारं भराभर उघडली. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण, तेही राणी म्हणूनच. मेटची लिंकन सेंटरमधली नवी इमारत आदल्याच वर्षी उघडली होती आणि या ‘मॅजिक फ्लूट’चे पडदे नि कपडे चित्रकार मार्क शागालनं केले होते. लंडन, व्हिएन्ना, सगळीकडे राणीच. एखाद्या नटाला एकदा खलनायक म्हणून घेतलं की मग जन्मभर खलनायकच, तसं. अख्ख्या ऑपेरात राणीला दोन गाणी आणि शेवटी थोडंसं, बाकी वेळ मेकअप करून आत बसून राहायचं, घसा गरम ठेवायचा, बाहेर येऊन कड्यावरून उडी मारायची आणि घरी जायचं. पैसे मिळतात, नाव मिळतं, पण गाण्याची भूक भागत नसणार.

आणि इथूनच मला या बाई खऱ्या मोठ्या वाटायला लागतात. कारण त्यांचा आवाज मुळात हलका नव्हताच. वरचे सूर होते पण खाली वजनही होतं. 1970 मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचेत त्या रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘आर्मिडा’त गायल्या, जी भूमिका 1952 मध्ये मारिया कॅलासनी फ्लॉरेन्सला गाऊन दाखवली होती आणि एरवी फारसं कुणी तिच्या वाटेला जात नसे. मग बेल्लिनीची ‘नॉर्मा’, दोनिझेत्तीची ‘लुचिया’, व्हर्दीची लेडी मॅकबेथ, ‘नाबुको’तली अबिगाइले, पुढे पुच्चिनीची ‘तुरांदोत’सुद्धा. ज्यांना ऑपेराची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, राणी आणि तुरांदोत एकाच गळ्यातून येणं म्हणजे नाजूक ठुमरी आणि धमारातली लयकारी एकाच बाईनं तेवढ्याच ताकदीनं करणं. आणि 1974 मध्ये त्याच मेटचा सीझन सुरू झाला तो व्हर्दीच्या ‘सिसिलियन व्हेस्पर्स’नं, बरोबर प्लासिदो डोमिंगो, आणि एलेना कोण तर ॲमस्टरडॅमच्या कोरसमधल्या या बाई. सात वर्षांपूर्वी दोन गाणी गाऊन जाणारी बाई आता पाच अंकांची नायिका होती.

माझ्याकडे त्यांची एक एलपी आहे. मुलगी जावई ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलव्हेनला असतात, तिथे आता आपली मराठी मंडळी बरीच आहेत. तीन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा मुलीनं वॉटरलोप्लेनचा जुना बाजार दाखवला. जुने कोट, सायकलचे पार्ट, पितळी भांडी, आणि एका टेबलावर केळ्यांच्या खोक्यात रेकॉर्ड. आपल्याकडे जुन्या बाजारात बसतात तसेच एक आजोबा टोपी घालून बसलेले. मी एकेक पुढे ढकलत होते आणि ‘अत्तिला’ हाताला लागली, व्हर्दीची, फिलिप्सची रेकॉर्ड, लाम्बेर्तो गार्देल्ली यांचं संचालन, रुजेरो रायमोंदी अत्तिला, कार्लो बेर्गोंझी, शेरिल मिल्न्स, आणि ओदाबेल्ला ड्यूटेकॉम. 1972 चं रेकॉर्डिंग. फिलिप्स म्हणजे तीच, जिचे रेडिओ आपल्याकडे घरोघरी होते, ती डचच कंपनी, आणि व्हर्दीचे सुरुवातीचे दुर्मीळ ऑपेरा एकामागून एक रेकॉर्ड करायचं मोठं काम तिनं केलं. आजोबांनी नाव बघितलं, पोरीचं नाव घ्यावं तसं नुसतं ‘आ, क्रिस्टिना’ म्हणाले आणि सांगितल्यापेक्षा दोन युरो कमी घेतले. कव्हरच्या कोपऱ्याला पाणी लागलेलं होतं, आतली रेकॉर्ड मात्र कोरी करकरीत.

घरी आल्यावर मिरजेत जुना प्लेअर दुरुस्त करून घेतला फक्त ह्या रेकॉर्डसाठी. ओदाबेल्लाच्या बापाला अत्तिलानं मारलंय, गाव जाळलंय, आणि ती त्याच्यासमोर उभी राहून आपली तलवार परत मागते. ते पहिलंच गाणं वरच्या सुरावरून एकदम खाली कोसळतं, घाटात दरड कोसळावी तसं, आणि बाई प्रत्येक दगड मोजून टाकतात. तिथे ते गळ्यातले धक्के कुणाला योडलिंग वाटत असतील तर वाटोत. पण मी सारखी लावते ती पुढची जागा, पहिल्या अंकाची सुरुवात. रात्र, जंगल, ओदाबेल्ला एकटी आहे आणि ढगात तिला बापाचा चेहरा दिसतो. वाद्यं अगदी मोजकी, बासरी, हार्प, चेलो, आणि त्या सगळ्यांच्या मधून बाईंचा आवाज इतका हळू येतो की पहिल्यांदा मी उठून व्हॉल्यूम बघितला. कुठलाही धक्का नाही, कुठली कसरत नाही. देव्हाऱ्यातली ज्योत वाऱ्यानं जरा कलते आणि परत सरळ होते, असा सूर. जी क्लिप बघून लोक हसतात तीच ही बाई आहे यावर विश्वास बसत नाही. आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी येऊन बसतात, त्यांना ऑपेरा म्हणजे काय तेही माहीत नाही, त्या ऐकून म्हणाल्या, ‘कुणाला तरी हाका मारतेय का गं ही?’ मी अजून तोवर गोष्ट सांगितली नव्हती.

ऐंशीच्या दशकात हृदयाच्या दुखण्यामुळे बाईंना स्टेज सोडावं लागलं. मला एका गोष्टीची रुखरुख वाटते, ज्या वॉटरलोप्लेनच्या बाजारात मला ती रेकॉर्ड मिळाली, त्याच्याच अंगाला ॲमस्टरडॅमचं ऑपेरा हाऊस उभं आहे, नगरपालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत, आणि ते उघडलं 1986 च्या सप्टेंबरात. शहराला ऑपेराचं घर मिळालं तोवर शहरातली एवढी मोठी गायिका थकली होती. त्यानंतर त्या मुलांना शिकवत राहिल्या. 7 ऑगस्ट 2014 ला ॲमस्टरडॅममध्येच गेल्या, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन आठवडे राहिले होते.

आणि केसरबाईंचंही तेच होतंय बघा. व्हॉयेजरमुळे नवीन मुलांना नाव कळलं याचा आनंद आहेच, पण केरी गावच्या या बाई म्हणजे साडेतीन मिनिटांची भैरवी एवढंच आता उरत चाललंय. अल्लादियाखांसाहेबांकडची ती कठोर तालीम, जयपूर-अत्रौली गायकीतले ते अनवट राग, ती दमसास, याबद्दल आपल्या लेखात एक ओळ नव्हती. दोन यानांपैकी नंतर उडालेलं, म्हणजे व्हॉयेजर-1, 5 सप्टेंबर 1977 ला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या, अकरा दिवसांत, हे तरी यायला हवं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, आतल्या कोपऱ्यात नको, दुरुस्ती छापा की गाणं एडा मोझर यांचं आहे. ड्यूटेकॉमबाईंचा मुकुटातला फोटो परत वापरू नका. त्यांच्याबद्दल लिहायचं असेल तर वेगळा लेख करा आणि त्यात व्हर्दी येऊ द्या. ‘अत्तिला’च्या कव्हरचा फोटो हवा असेल तर मी मोबाइलवर काढून पाठवते, पाणी लागलेला कोपरा सोडला तर नावं सगळी स्पष्ट वाचता येतात.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
मिरज